लोखंड ३८ आलं म्हणून इंजिन उतरवायचं का? ऑईलचा रिपोर्ट वाचताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.२ लिटर, चार सिलिंडर, सोळा वाल्वची पेट्रोल गाडी. सीएनजी किट नंतर बाहेरून बसवलेलं. मीटरवर ७१,४०० किमी. मुलुंड ते बीकेसी, आठवड्यातून चार दिवस. ऑईल ५डब्ल्यू-३०, चौदा महिन्यांत ९,२०० किमी चाललेलं, मधे अर्धा लिटर वरून घातलेलं. ते बदलताना नमुना प्रयोगशाळेत दिला. रिपोर्ट असा आला: लोखंड ३८ पीपीएम, ॲल्युमिनियम १४, तांबं ६, शिसं २, क्रोमियम २, सिलिकॉन ४१, सोडियम ९, पोटॅशियम ३. १०० अंशाला व्हिस्कॉसिटी (दाटपणा) ११.६ सेंटिस्टोक, टीबीएन २.१, टॅन ३.६, नायट्रेशन जास्त, पाणी ०.१ टक्क्याच्या आत. गॅरेजवाला म्हणतो, लोखंड एवढं आलंय म्हणजे सिलिंडर घासलेत, हाफ इंजिन, म्हणजे इंजिन उतरवून पिस्टनच्या रिंगा बदलून घ्या. करावं का?

एवढ्यावरून नाही. या रिपोर्टात सगळ्यात आधी बघायचा आकडा लोखंडाचा नाहीच, तो सिलिकॉनचा आहे. लोखंड परिणाम दाखवतं, सिलिकॉन कारण. कारण तसंच ठेवून नव्या रिंगा टाकल्या, तर त्याही त्याच धुळीत घासल्या जातील.

आधी ३८ पीपीएम म्हणजे किती ते डोळ्यांपुढे आणू. या इंजिनात फिल्टर धरून साधारण ३.१ लिटर ऑईल बसतं असं धरलं, तर त्याचं वजन २.६ किलोच्या आसपास. ३८ पीपीएम म्हणजे दर किलोला ३८ मिलिग्रॅम, एकूण सुमारे १०० मिलिग्रॅम. तांदळाच्या चार-पाच दाण्यांएवढं वजन, आणि तेही चार सिलिंडर, क्रँक, कॅम, टायमिंग चेन, ऑईल पंप या सगळ्यांतून मिळून आलेलं. अर्धा लिटर वरून घातलंय, म्हणजे जळालेल्या ऑईलबरोबर थोडं लोखंड गेलं आणि उरलेलं पातळ झालं. ते धरूनही खरा आकडा फार तर ४४ होईल (३८ गुणिले ३.६ भागिले ३.१). म्हणजे दर हजार किलोमीटरला चार ते पाच पीपीएम. चांगल्या चालणाऱ्या पेट्रोल इंजिनात हा दर एक ते तीनच्या दरम्यान असलेला बरा. तुमचा जास्त आहे, यात वाद नाही.

पण मुंबईत किलोमीटर हे माप फसवं आहे. झीज इंजिन चालण्याच्या तासांवर होते, आणि ऐरोलीच्या सिग्नलला किंवा सायनला उभी असलेली गाडी मीटर न हलवता इंजिन चालवत असते. तुमचा सरासरी वेग ताशी २० धरला तर ९,२०० किमी म्हणजे ४६० तास. हेच किलोमीटर ताशी ६० च्या सरासरीने हायवेवर झाले असते तर १५३ तास. ऑईल तिप्पट वेळ काम करून आलंय. रिपोर्टवरची ‘नॉर्मल’, ‘कॉशन’ ही खूण हे तास बघत नाही. शिवाय अशा प्रयोगशाळांकडे जहाजं, जनरेटर आणि कॉम्प्रेसरची ऑईलं मोठ्या प्रमाणावर येतात, त्यामुळे छापलेल्या मर्यादा तुमच्या इंजिनासाठी ठरवलेल्या असतीलच असं नाही. मॉलिब्डेनम लाल रंगात छापून आलं की लोक घाबरतात. अनेक ऑईलांत ते कंपनीनेच घातलेलं असतं. म्हणून पहिल्यांदा रिपोर्ट काढताना त्याच डब्यातल्या कोऱ्या ऑईलचाही नमुना द्यावा. तो पाया हाताशी असला की निम्मे प्रश्न मिटतात.

आता सिलिकॉन. कोऱ्या ऑईलमध्येही फेस मारणाऱ्या रसायनाचं थोडं सिलिकॉन असतं, पाच-सहा पीपीएम धरू. उरलं ३५. हे दोनच मोठ्या वाटांनी येतं: धूळ किंवा गॅस्केटला लावलेलं सिलिकॉन सीलंट. फरक कळतो तो जोडीवरून. रस्त्यावरच्या धुळीत सिलिकॉनबरोबर ॲल्युमिनियम असतंच, ढोबळमानाने तीनास एक, माती बदलेल तसं कमी-जास्त. तुमच्याकडे ३५ ला १४. म्हणजे गॅरेजवाला ज्याला पिस्टनची झीज म्हणतोय, त्या ॲल्युमिनियमचा बराचसा भाग धुळीतूनच आलेला असू शकतो. सीलंटमधून सिलिकॉन सुटलं असतं तर ते एकटंच वर गेलं असतं, ॲल्युमिनियम आणि लोखंड जागेवर राहिले असते, आणि प्रत्येक ऑईल बदलीला आकडा आपोआप उतरत गेला असता. गेल्या दीड वर्षात टॅपेट कव्हर (इंजिनाचं वरचं झाकण) किंवा चेंबर (खालची ऑईलची टाकी) उघडून पुन्हा सीलंट लावलंय का, तेवढं गॅरेजला विचारून घ्या. लावलं नसेल तर ही धूळच.

आणि धूळ किती? ३५ पीपीएम सिलिकॉन म्हणजे २.६ किलोत ९१ मिलिग्रॅम. वाळूच्या रूपात मोजलं तर जेमतेम २०० मिलिग्रॅम, एक छोटी चिमूट. रिंगांच्या खोबणीत ती घासपावडरीचं काम करते. मेट्रोचं नाहीतर पुलाचं काम चालू असलेल्या रस्त्यावर रोज तास-तास काढणाऱ्या गाडीला ही चिमूट मिळायला एअर फिल्टरची रबरी कड एका कोपऱ्यात नीट न बसणं पुरतं.

ते असं तपासा. एअर फिल्टरचा डबा उघडा, फिल्टर बाहेर काढा आणि डब्याची इंजिनाकडची बाजू टॉर्चने बघा. मग ओला पांढरा फडका त्या बाजूने आणि थ्रॉटलकडे (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेकडे) जाणाऱ्या होजच्या आतून फिरवा. फडक्यावर करडी रेघसुद्धा उमटता कामा नये. उमटली तर फिल्टरच्या पलीकडे धूळ पोचतेय. कुठून पोचतेय हे बघायला फिल्टरच्या रबरी कडेला चारही बाजूंनी ग्रीसचा अगदी पातळ हात द्या, डबा बंद करा आणि चार-पाचशे किलोमीटर चालवून पुन्हा उघडा. कड जिथे नीट दाबली गेली तिथे ग्रीसवर सलग ठसा दिसेल. जिथे ठसा तुटला आणि ग्रीसमध्ये धूळ चिकटली, तिथून हवा चोरवाटेने जाते. स्वस्तातल्या फिल्टरची कड कडक असते किंवा उंचीला दीड-दोन मिलिमीटर कमी पडते. डब्याची एखादी क्लिप तुटलेली असते आणि ती कोणी सांगत नाही.

अजून एक सवय: दर सर्व्हिसिंगला पोऱ्या कॉम्प्रेसरच्या हवेने फिल्टर ‘मारतो’. जोराच्या हवेने कागदाची वीण फाकते, आणि डबा उघडताना दर वेळी थोडी धूळ आत पडते. कागदी फिल्टर थोडा मळला की उलट जास्त बारीक गाळतो. कंपनीने सांगितलेल्या अंतराने नवा टाका, बांधकामाच्या रस्त्यावर रोजचं जाणं असेल तर थोडा आधी. मधे हात लावू नका.

तुमच्या गाडीत दुसरा संशयित सीएनजी किट आहे. बाहेरून बसवलेल्या सिक्वेन्शियल किटमध्ये इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांना) प्रत्येक सिलिंडरसाठी एक अशी चार भोकं पाडून गॅसचे नोझल बसवतात. ही सगळी भोकं एअर फिल्टरच्या पुढे, म्हणजे थेट इंजिनाच्या तोंडाशी. नोझलचा आटा सैल झाला, व्हॅक्यूमची पातळ नळी तडकली की न गाळलेली हवा तिथून ओढली जाते. मॅनिफोल्ड न काढता जागेवरच ड्रिल मारलं असेल आणि तो ॲल्युमिनियमचा असेल, तर कीससुद्धा आत गेलेला असू शकतो. चेक इंजिनचा दिवा लागला नाही म्हणजे गळती नाही, असं समजू नका. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्यामधली गळती कित्येक गाड्यांत इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळतच नाही. खात्री हवी तर स्मोक टेस्ट करून घ्या. इनटेकमध्ये धूर भरला की तो जिथून बाहेर येतो तीच जागा.

बाकीच्या आकड्यांकडे भरभर बघू. क्रोमियम २ म्हणजे वरच्या रिंगेचा क्रोमचा थर अजून शाबूत दिसतो, पण तुमच्या इंजिनाच्या रिंगा क्रोमच्या असतील तरच. नव्या इंजिनांत नायट्राइड केलेल्या स्टीलच्या रिंगाही येतात, तिथे या आकड्यावरून क्रोमच्या थराचा अंदाज बांधता येत नाही. शिशाचंही तसंच. देशात २००० पासून पेट्रोल शिसेविरहित झालं, त्यामुळे ऑईलमधलं शिसं म्हणजे बेअरिंग, हे खरं. पण बऱ्याच नव्या बेअरिंगांमध्ये शिसंच नसतं. तेव्हा शिसं २ म्हणून बेअरिंग ठणठणीत, असा उलटा अर्थ काढू नये. तांबं आणि कथील सोबत बघावं. तुमचं तांबं ६ आहे, काळजीचं नाही. सोडियम ९ आणि पोटॅशियम ३ कोऱ्या ऑईलशी ताडून बघा. काही ऑईलांत सोडियम मुळातच असतं. दोन्ही एकदम वीस-तीसच्या वर चढले असते तर कूलंट आत येतंय असं म्हटलं असतं. (पावसाळ्यात ऑईलच्या झाकणाखाली मलईसारखा पिवळट थर दिसला की लोक थेट हेड गॅस्केटवर जातात. रोजचं अंतर तीन-चार किलोमीटर असेल आणि सोडियम-पोटॅशियम जागेवर असतील, तर ती वाफेची ओल असते. एकदा पुण्यापर्यंत जाऊन या, थर जातो.)

ऑईलची स्वतःची तब्येत मात्र खालावली आहे. टीबीएन म्हणजे आम्ल पचवायची शिल्लक. कोऱ्या पेट्रोल ऑईलमध्ये ती साधारण सात ते नऊ असते, तुमची २.१ वर आलीय, आणि टॅन, म्हणजे साठलेलं आम्ल, ३.६ वर, तिच्या पुढे गेलंय. ही रेघ ओलांडण्याआधीच ऑईल बदलायला हवं होतं. व्हिस्कॉसिटी ११.६, ग्रेड ३० च्या मर्यादेत (९.३ ते १२.५) असली तरी वरच्या टोकाकडे सरकलेली. हे सीएनजीचं वागणं. गॅसवर ज्वलन गरम होतं, नायट्रोजनची संयुगं ऑईलमध्ये मिसळतात (हेच रिपोर्टातलं नायट्रेशन) आणि ऑईल दाट होत जातं. निव्वळ पेट्रोलवर छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत उलट होतं: न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑईल पातळ होतं. गंमत म्हणजे सीएनजीवर काजळी जवळजवळ होत नाही. डिपस्टिकवर ऑईल मधासारखं स्वच्छ दिसतं आणि ‘अजून चालेल’ म्हणून दोन-तीन हजार किलोमीटर जास्त ओढलं जातं. रंगावरून सीएनजी गाडीचं ऑईल ठरवू नये. तुमच्या वापराला ६,००० किमी किंवा आठ महिने, जे आधी येईल ते.

आता या तपासणीची आंधळी बाजू. लोखंड-तांबं मोजणारं यंत्र ऑईलच्या थेंबातला पदार्थ जाळून त्याच्या प्रकाशावरून धातू ओळखतं, पण साधारण पाच ते दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण त्याच्या हिशेबात नीट येत नाहीत. हळूहळू होणारी झीज बारीक असते, ती दिसते. बेअरिंगचा पापुद्रा सुटला, दात तुटला, तर ते तुकडे मोठे असतात. ते फिल्टरमध्ये अडकतात किंवा चेंबरच्या तळाशी बसतात आणि रिपोर्ट छान येतो. म्हणून नमुन्याबरोबर जुना ऑईल फिल्टर उघडून बघणं हे अर्धं काम आहे. पत्र्याचा फिल्टर असेल तर रात्रभर उपडा निथळत ठेवा आणि फिल्टर कटरने तोंडाकडची कड कापा. हॅकसॉ वापरला की पात्याचा कीस आत पडतो आणि मग कशाचा कण कशाचा, कळत नाही. आतल्या कागदाच्या घड्यांची पट्टी कापून घ्या, दोन फळ्यांमध्ये धरून दाबून ऑईल काढा आणि उन्हात तिरकी धरून बघा. अगदी बारीक, चुंबकाला चिकटणारी करडी पूड थोडीफार असतेच. सोनेरी किंवा तांबूस झाक असलेले चपटे पापुद्रे, नखाने उचलता येतील एवढे, ते मात्र बेअरिंगचे. तसे दिसले तर रिपोर्टातलं लोखंड १० असलं तरी गाडी उभी करा. प्रयोगशाळेला ‘पीक्यू इंडेक्स’ही करायला सांगा. तो चुंबकीय मोजमापावरून मोठ्या लोखंडी कणांचा अंदाज देतो.

नमुना कसा घेतला होता, हेही कळायला हवं. आज कित्येक ठिकाणी गाडी रॅम्पवर न घेता डिपस्टिकच्या नळीतून मशीनने ऑईल ओढतात. त्या मशीनच्या पाइपात आधीच्या गाडीचं, बहुधा एखाद्या डिझेलचं ऑईल असतं. तेच तुमच्या बाटलीत पहिलं येतं. नवी पातळ नळी आणि हातपंप असेल तरच डिपस्टिकमधून नमुना घ्यावा. नाहीतर जुनी पद्धत चांगली: वीसेक मिनिटं गाडी चालवून आणा, जागेवर रेस करून गरम केलेली चालत नाही. इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांत ड्रेन नट आणि त्याची आजूबाजू पुसून उघडा, साधारण लिटरभर ऑईल जाऊ द्या आणि मग धारेच्या मधोमध बाटली धरा. पहिली धार तळाचा गाळ आणते, शेवटची धारही तसलीच. शंभर मिलिलिटरची प्रयोगशाळेनेच दिलेली बाटली, तीन चतुर्थांश भरलेली. धुतलेली पाण्याची बाटली नको. आत राहिलेले दोन थेंब पाणी आणि क्षार रिपोर्टात सोडियम बनून येतात. चिठ्ठीवर ऑईलचं नाव आणि ग्रेड, ऑईलवर झालेले किलोमीटर, गाडीचे किलोमीटर, वरून किती घातलं आणि इंजिनात नुकतं काय उघडलं, एवढं लिहा. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यताप्राप्त निवडा, आणि दर वेळी तीच. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत दहा-वीस टक्के फरक सहज पडतो आणि तो झिजेचा वाटतो.

सेकंडहँड गाडी घेताना ऑईलचा रिपोर्ट मागणाऱ्यांसाठी एक सूचना: विकणारा आदल्या आठवड्यात ऑईल बदलतो. दोनशे किलोमीटर चाललेल्या ऑईलचा रिपोर्ट सगळ्यांचाच चांगला येतो.

तर आता करायचं काय. एअर फिल्टर, डबा, होज, किटचे नोझल वर सांगितल्याप्रमाणे बघा आणि गळती बंद करा. ऑईल आणि फिल्टर बदललेलेच आहेत. ३,००० किमीला नमुना घ्या आणि ६,००० ला बदलताना दुसरा. ऑईल बदललं तरी दहा-पंधरा टक्के जुनं ऑईल आत राहतं, म्हणजे नव्या ऑईलमध्ये सुरुवातीलाच चार-सहा पीपीएम लोखंड आणि तेवढंच सिलिकॉन असणार. ते वजा करून हिशेब करा. ३,००० किमीला सिलिकॉन पंधराच्या आसपास आणि लोखंडाचा दर हजाराला तीनच्या खाली आला, तर गळती सापडली आणि इंजिन तसंच वापरत राहा. सिलिकॉन उतरलं पण लोखंडाचा दर चार-पाचवरच राहिला, तर धुळीने आधीच नुकसान केलंय, आणि तेव्हा सिलिंडरची तपासणी करायची.

तीसुद्धा इंजिन न उतरवता होते. कॉम्प्रेशन टेस्ट: गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. चारही सिलिंडरच्या आकड्यांत दहा-पंधरा टक्क्यांपेक्षा जास्त तफावत नसावी. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑईल घालून पुन्हा घ्या. आकडा वर आला तर रिंगा, तसाच राहिला तर वाल्व. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा सोडून सिलिंडरच्या भिंतीवरची क्रॉस-हॅच, म्हणजे होनिंगच्या तिरक्या रेघा, शिल्लक आहेत का तेही दिसतं. रेघा दिसत असतील आणि ऑईलचा खप हजार किलोमीटरला शंभर मिलिलिटरच्या आत असेल (तुमचा ५५ च्या आसपास पडतो), तर हाफ इंजिनाचा विषय बंद.

सीएनजी गाडीत बहुतेक वेळा कॉम्प्रेशन कमी येतं ते वाल्वमुळे, आणि ही झीज ऑईलच्या रिपोर्टात दिसत नाही. गॅस कोरडा जळतो, एक्झॉस्ट वाल्वची सीट हळूहळू बसत जाते, आणि तिचा चुरा ऑईलमध्ये न पडता सायलेन्सरमधून बाहेर जातो. सीट बसली की टॅपेटचा गॅप (वाल्व आणि त्याला दाबणाऱ्या भागातली फट) वाढत नाही, कमी होतो, म्हणजे आवाजही येत नाही. गॅप संपला की वाल्व पूर्ण बंद होत नाही आणि जळतो. तेव्हा कॉम्प्रेशन घ्यायला प्लग काढालच, तर कव्हर उघडून थंड इंजिनावर सोळाही वाल्वचे गॅप फीलर गेजने मोजून घ्या आणि किलोमीटरसकट लिहून ठेवा. ज्या इंजिनात हायड्रॉलिक टॅपेट असतात तिथे हे मोजता येत नाही. मात्र कव्हर परत बसवताना सीलंट लागणार आणि पुढच्या नमुन्यात सिलिकॉन वर जाणार. म्हणून ३,००० किमीचा नमुना कव्हर उघडण्याआधी काढा, किंवा चिठ्ठीवर ‘टॅपेट कव्हरला नवं सीलंट’ असं स्पष्ट लिहा.